स्वतःच्या जोखमीवर ऐकणे

"आपण या उपकरणाद्वारे स्वतःच्या जोखमीवर ऐकत आहात."

हे वाक्य आजवर कुणी माझ्यासमोर तोंडाने म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे विचारलं असतं, की बाबा रे, शेजाऱ्याच्या जोखमीवर कसं ऐकतात ते तरी सांग. पण ते वाक्य कुणा माणसाचं नव्हतं. सकाळच्या पारी, आंजीतल्या आमच्या ओसरीवर, ते माझ्या मोबाइलवर उमटलं होतं. त्याच्याखाली पानंच्या पानं मजकूर होता आणि सर्वांत शेवटी दोन चौकोन, 'मान्य आहे' आणि 'मान्य नाही'. समोरच्या खुर्चीवर माझे सासरे धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, पुलगावला निघायच्या तयारीत बसले होते. कानात ऐकण्याचं यंत्र होतं आणि ते ठार बंद होतं.

पुलगावला त्यांची थोरली बहीण राहते, माझ्या आत्याबाई. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, माणूस राहील, बोलणं राहणार नाही. म्हणजे आत्याबाईंचा आवाज उरला होता तो फक्त त्या दिवसापुरता. ज्या भावाला तो ऐकायचा होता त्याचे कान माझ्या मोबाइलमध्ये अडकून पडले होते. त्या सकाळचा राग माझ्या अंगात अजून आहे, आणि तो ओसरायच्या आत मी हे लिहून काढते आहे.

मी मूळचीच तापट. माहेरी, समुद्रपूरला, न थांबणाऱ्या एसटीपुढे उभी राहून ती थांबवणारी पोरगी म्हणून मला ओळखत. लग्न होऊन आंजीला आले. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, मुलगी वसतिगृहात शिकायला, तेव्हा घरात सासरे आणि मी. ओसरीला लागून एक खोली आहे, तिथे मी पाइप, नळ, वायर, मोटारपंपाचं सामान असं दुकान चालवते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. आमच्या भागात तसंच म्हणतात.

मामाजींचे कान काही एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग घड्याळाचे टोले, मग मी. सासऱ्याशी सुनेने खालच्या आवाजात बोलावं अशी रीत, आणि ती पाळायची माझी तयारीही होती. पण बहिऱ्या माणसाशी खालच्या आवाजात बोलणार कसं? "मामाजी, जेवाले या!" ही माझी हाक पार मारुतीच्या देवळापर्यंत जायची. गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईंना वाटलं, ही सून म्हाताऱ्याला छळते. हळदीकुंकवाला त्यांनी मला बाजूला घेऊन चार शब्द समजावूनही सांगितले. मी त्यांनाही ओरडूनच उत्तर दिलं, कारण तोवर मला तशीच सवय लागली होती.

मग यंत्र आलं. नवरा सुट्टीवर आला होता, तेव्हा आम्ही मामाजींना वर्ध्याला घेऊन गेलो. दुकानदाराने कान तपासले, यंत्र बसवलं, माझ्या मोबाइलमध्ये ॲप टाकलं आणि टकाटक चार ठिकाणी बोट मारलं. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "काही नाई वहिनी, असंच असते." यंत्र कानात बसतं, पण आवाज किती वाढवायचा, गर्दीतला कमी कसा करायचा, हे सगळं मोबाइलवरून. ॲप उघडलं नाही तर यंत्र नुसतं कानात घातलेलं बूच. त्या दिवशी हे आमच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या दिवशी मामाजींना ऐकू आलं होतं. घरी आल्यावर ते बराच वेळ दाराच्या कडीचा आवाज काढून ऐकत बसले. संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते, तर मागून म्हणाले, "सूनबाई, तू येवढ्या शिव्या कोनाले देत राह्यतं व?" माझं पुटपुटणं त्यांना ऐकू आलं होतं. मी लाजले, आणि मला इतका आनंद झाला की पोळी करपली.

त्यानंतर घर शांत झालं. शांत म्हणजे माणसांसारखं बोलणारं. मला दिवसभरातलं सांगायला कुणीतरी मिळालं.

आता मामाजी काय चीज आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. गावात त्यांची ओळख पंच म्हणून आहे. ग्रामपंचायतीचे नव्हे, पंचनाम्याचे पंच. वीज पडून बैल गेला, गंजी जळाली, कुणी विहिरीत सापडलं, की पोलीस जमादार नाहीतर तलाठी येतो, जागेवर जे दिसतं ते कागदावर उतरवतो आणि गावातल्या दोन माणसांच्या त्यावर सह्या घेतो. ते दोघं पंच. हे काम कुणालाच नको असतं. उद्या कोर्टाचे हेलपाटे कोण घालणार? मामाजींनी मात्र कधी नाही म्हटलं नाही. अट एकच, लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं आणि ऐकून झाल्यावरच सही. एका जमादाराने म्हणे सांगितलं, काका, कोऱ्यावर करा, मी मागाहून लिहून घेतो. मामाजी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहिले, शेवटी त्या माणसाने बाभळीखाली बसून लिहिलं. एकदा गंजीच्या आगीत 'बिडी टाकल्यामुळे' असं लिहिलं होतं. मामाजी म्हणाले, "बिडी मी पाह्यली नाई. राख पाह्यली. राख लिहा." राख लिहावी लागली.

हा असा माणूस. आणि याच्यापुढे तो मोबाइल.

आत्याबाईंबद्दलही थोडं सांगते. मामाजी लहान असतानाच त्यांची आई गेली. आईचा चेहरा त्यांना आठवत नाही. आठवते ती बहिणीची हाक. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत "ए बाबू, जेवाले ये!" अशी हाक गेली, की शेजारच्या शेतातली माणसंसुद्धा भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसायची. पुढे आत्याबाई लग्न होऊन पुलगावला गेल्या. नवरा कापडाच्या गिरणीत होता. सांज-सकाळ तंबाखूची चिमूट त्यांनी कधी चुकवली नाही, आणि त्या चिमटीनेच शेवटी घसा धरला. ऑपरेशन ठरल्यावर त्यांनी मुलाकरवी मला निरोप पाठवला, "बाबूले घेऊन येजो. मंग मले बोलता येनार नाई." फोनवरचं बोलणं मामाजींना यंत्रातूनही नीट कळत नाही. माणूस समोर लागतो. म्हणून आम्ही निघालो होतो.

रात्री यंत्र चार्जिंगला लावलं तेव्हा ते ठीक होतं. रात्रीतून ॲपने स्वतःच स्वतःला नवं केलं आणि सकाळी दारात हे कलम घेऊन उभं राहिलं. मला घाई होती. मी सरळ 'मान्य आहे'वर बोट न्यायला गेले. तेवढ्यात मामाजींनी माझं मनगट धरलं.

"काय लिहून आहे?"

मी हातानेच खूण केली, काही नाही. ते मान हलवत म्हणाले, "येवढं मोठं काही नाई राह्यत."

त्यांनी मोबाइल घेतला, चष्मा चढवला आणि वाचायला लागले. कागद वाचताना ओळीखाली बोट ठेवायची त्यांची जुनी सवय. इथे बोट टेकलं की ओळ सर्रकन वर पळायची. ते पुन्हा ती खाली ओढायचे, पुन्हा बोट ठेवायचे, पुन्हा ओळ पळायची. त्यांना वाटलं, कुणीतरी मुद्दाम वाचू देत नाहीये. मला तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, त्यांना बरोबरच वाटलं होतं. शेवटी मी दोन्ही हातांनी मोबाइल धरून बसले आणि ते मांडीवर हात ठेवून वाचत गेले.

मराठी होती, पण अशी मराठी मी कुठल्या माणसाच्या तोंडून ऐकलेली नाही. 'ऐकू न आल्यामुळे अथवा ऐकू आल्यामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही हानी, इजा, मानसिक त्रास वा मृत्यूस कंपनी, तिचे संचालक, कर्मचारी व वारस जबाबदार राहणार नाहीत.' वारस! म्हणजे त्यांच्या नातवंडांचीसुद्धा सोय करून ठेवली होती. आणि ऐकू आल्यामुळे मृत्यू? अरे, यंत्र विकता ते ऐकू यावं म्हणूनच ना? सर्वांत शेवटी, चौकोनांच्या वर, हे होतं: 'मी वरील सर्व वाचले व समजून घेतले असून स्वखुशीने मान्य करीत आहे.'

या ओळीपाशी मामाजी थांबले. त्यांनी ती दोनदा वाचली. मग माझ्या काही लक्षात यायच्या आत त्यांनी नीट बोट लावून 'मान्य नाही' दाबलं.

ॲप मिटलं. मोबाइलवर पुन्हा माझ्या मुलीचा फोटो आला.

मामाजी मोबाइलकडे पाहत बसून राहिले. मला आधी कळेना कशासाठी. मग ते म्हणाले, "आता विचारतीन ना, काऊन मान्य नाई म्हनून?"

ते वाट पाहत होते. आयुष्यभर त्यांनी जेव्हा जेव्हा सही नाकारली, तेव्हा समोरच्याने विचारलं होतं, काऊन? जमादाराने विचारलं, तलाठ्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, पण विचारलं. मग भांडण झालं, मग बिडीची राख झाली. त्यांना वाटलं, इथेही पलीकडे कुणीतरी बसलेलं आहे आणि ते आता विचारेल. तो म्हातारा माणूस टोपी घालून त्या काचेकडे बघत ताटकळत बसला होता, आणि ज्याने कुणी तो चौकोन तिथे ठेवला होता त्याला 'का' विचारायचं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. मला त्या क्षणी कुणाचं तरी थोबाड फोडावंसं वाटलं. फोडायला थोबाडच नव्हतं.

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. आवाज गोड, नम्र. मी सगळं सांगितलं: उद्या ऑपरेशन आहे, आज एकच दिवस आहे, म्हातारा वाचल्याशिवाय सही करत नाही, वाचलं तर त्याला पटलं नाही, मग आता काय?

"मॅडम, मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही."

"आणि मान्य नसेल तर?"

"तर ॲप वापरता येणार नाही, मॅडम."

"मग 'मान्य नाही'चं बटण ठेवलं कशाला?"

"तो तुमचा हक्क आहे, मॅडम."

त्या पोरीवर मी ओरडले. ती बिचारी नोकरीला बसलेली, तिने काही ते कलम लिहिलं नव्हतं. कुणी लिहिलं विचारलं तर तिलाही ठाऊक नव्हतं. मग मी वर्ध्याच्या दुकानदाराला फोन केला. तो हसायलाच लागला. "वहिनी, कोन वाचते ते? दाबून टाका ना. आन् तुमच्या दुकानात नाई का पाटी, विकलेला माल परत घेतला जानार नाही?"

आहे. माझ्या गल्ल्याच्या वरच आहे ती पाटी. पण तिच्याखाली मी बसलेली असते. फुटका वॉल्व्ह घेऊन माणूस येतो, गल्ल्यावर आपटतो, पाटीकडे बघत मला शिव्या घालतो, मी त्याला घालते, बाहेरचे दोघंचौघं मध्ये पडतात, आणि शेवटी मी वॉल्व्ह बदलून देते. नाही दिला तर दुसऱ्या दिवशी बाजारात तो मला तोंड दाखवू देणार नाही, हे मला माहीत असतं. आमच्याकडे पाटी ही भांडणाची सुरुवात असते. यांच्याकडे ती लावली की भांडण संपलं, दुकान बंद, मालक गायब. हे सगळं मी दुकानदाराला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक आलं आहे, नंतर बोलू.

मग मी मामाजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मामाजी, दाबू द्या ना! आत्याबाई वाट पाहून राह्यल्या!"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मामाजी शांतपणे म्हणाले, "पंच झालेल्या गोष्टीवर सही करते, सूनबाई. हे मरन म्हनते, इजा म्हनते, ते अजून झालंच नाई. आन् स्वखुशी कुठी आहे? यंत्र बंद करून म्हनते स्वखुशीनं!"

खरं सांगते, तेव्हा मला त्यांचाही राग आला. तुमचा खरेपणा ठेवा गुंडाळून, असं ओठांवर आलं होतं. सगळं जग डोळे मिटून दाबतं आणि पुढे जातं. आत्याबाईंचा आवाज एकेक तासाने संपत चाललेला, आणि हा माणूस अक्षरं तपासतो आहे. पण त्यांच्या नकळत दाबणं माझ्याने झालं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं होतं ना, तेवढ्यानेच. यंत्र तसंच बंद कानात ठेवून आम्ही निघालो. वाटभर मी कुणाशी बोलले नाही, आणि मी बोलत नाही हे मामाजींना कळलंही नाही.

पुलगावच्या घरी आत्याबाई दिवाणावर उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याभोवती रुमाल. वाळून काडी झाल्या होत्या, पण डोळे तेच. भावाला दारात पाहिल्यावर त्यांचे ओठ हलले. आवाज चिरकलेला, खरबरीत होता, पण होता. "आला का रे बाबू?"

मामाजी त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हनते अक्का?"

मला रडू फुटलं, आणि रडताना मी आत्याबाईंना सगळं सांगितलं, अगदी 'वारस'पर्यंत. त्या ऐकत गेल्या. मला वाटलं, त्या भावाला समजावतील. त्यांनी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. या वयात, या अवस्थेत, सणसणीत गुद्दा. मग मला खुणेने मोबाइल मागितला. मामाजींनी दोन्ही हात वर केले, थांब म्हणून.

"अक्का, तू दाबशीन त मी नाई म्हनत नाई. पन आधी पंचनामा."

मला वाटलं, आता यांचं डोकंच फिरलं. पण आत्याबाईंनी मान डोलावली. त्यांना भाऊ ठाऊक होता. घरातली एक वही आणली, कोरं पान फाडलं, आणि मामाजींनी सांगितलं तसं मी लिहिलं:

'आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून जागेवर पाहिले ते असे. कानातील यंत्र बंद स्थितीत आढळले. यंत्राची मोडतोड नाही. ते कंपनीने दुरून बंद केलेले आहे. मोबाइलवर स्वखुशीने मान्य असे शब्द आहेत. जागेवर स्वखुशी आढळून आली नाही. बहिणीचा आवाज ऐकण्याकरिता बटण दाबण्यात येत आहे. ही आमची हरकत समजावी.'

मी ॲप पुन्हा उघडून पुढे धरलं आणि आत्याबाईंनी अंगठ्याने 'मान्य आहे' दाबलं. इतक्या जोराने, की मोबाइल माझ्या हातातून निसटायला आला. गोल चक्र फिरायला लागलं. 'कृपया प्रतीक्षा करा.' फिरतंय, फिरतंय. आत्याबाई तोंड घट्ट मिटून बसल्या होत्या. बोलणं वाया जाऊ नये म्हणून. मग मामाजी एकदम दचकले, कानाकडे हात नेला. बाहेर कुणाची तरी सायकल गेली होती, तिची घंटी त्यांना ऐकू आली होती.

आता बहिणीशी बोलतील, असं मला वाटलं. मामाजी म्हणाले, "अक्का, वाचून दाखव. आयकल्याबिगर मी सही नाई करत."

आणि आत्याबाईंनी तो कागद वाचला. चौथीपर्यंत शिकलेल्या, चष्मा नाही, कागद डोळ्यांना लावून, प्रत्येक शब्दाला घसा खरवडत. मी म्हटलं, मी वाचते, तुम्ही कशाला? त्यांनी माझा हात झटकला. 'जागेवर स्वखुशी आढळून आली नाही' हे वाक्य आलं तेव्हा त्यांना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, पाणी पाजावं लागलं, आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मामाजी डोळे मिटून ऐकत होते. टोपीखालून घाम येत होता. संपल्यावर ते म्हणाले, "वाचून दाखवला, बरोबर आहे." त्यांनी सही केली. खाली आत्याबाईंनी.

मग ती दोघं संध्याकाळपर्यंत बोलली. काय बोलली? काही नाही. कुठल्या बोरीची बोरं गोड होती, कोणता बैल मारकुटा होता, लहानपणी कुणी कुणाला ओढ्यात ढकललं. मामाजींनी एकदा त्यांना ती हाक मारायला सांगितली. आत्याबाई म्हणाल्या, "आता होत नाई रे." मग थोड्या वेळाने, पाणी पिऊन, त्यांनी मारली. हाक दारापर्यंतही गेली नसेल. मामाजी हुंदका देत म्हणाले, "आलो, अक्का."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. या बाईकडे आज मोजका आवाज शिल्लक होता, आणि त्यातला चांगला थोरला वाटा एका कंपनीच्या कलमांना उत्तर देण्यात गेला. त्या कंपनीत बसलेल्या कुणालाही हे कधी कळणार नाही. कळलं तरी तो म्हणेल, तुम्ही मान्य केलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. आत्याबाई आहेत, खुणांनी घर चालवतात, सुनेला पूर्वीइतकीच धाकात ठेवतात. पंचनाम्याचा फोटो काढून मी कंपनीला पाठवला. उत्तर लगेच आलं: 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.' मामाजींनी विचारलं, "कोनाची सही आहे खाली?" मी म्हटलं, कुणाचीच नाही.

कापूस वेचून संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ॲप उघडलं तर पुन्हा तेच. 'आमच्या अटी बदलल्या आहेत.' यंत्र बंद. मी मोबाइल मामाजींपुढे धरला. त्यांनी मजकूर वाचलासुद्धा नाही. कानातलं यंत्र काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि डबी कोनाड्यात सारली.

"राहू दे, सूनबाई. अक्काचं आयकून झालं. आता कोनाचं आयकाचं राह्यलं?"

मग जे माझ्या तोंडून निघालं ते मारुतीच्या देवळापर्यंत गेलं असेल.

"आन् मी? मी दिवसभर कोनाशी बोलू? या भिंतीशी? मी कोनीच नाई काय या घरात?"

यंत्र नव्हतं, तरी त्यांना ऐकू आलं. खिडक्या उघडल्या, त्या नव्या बाईसुद्धा दारात आल्या. मामाजी उठले. कोनाड्यातून डबी काढली, दुकानातून माझं पावतीबुक आणलं, त्यातलं एक पान उलटं करून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "लिही. सुनेचं बोलनं आयकन्याकरिता."

मी लिहिलं. रागात अक्षरं वेडीवाकडी आली. लिहून कागद त्यांच्याकडे दिला तर घेईनात.

"वाचून दाखव."

"तुमाले आयकू कुठं येते!"

"जोरानं वाच," ते म्हणाले.

मग मी ओसरीवर उभी राहिले, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. जागेवर स्वखुशी आढळून आली नाही, हे मी दोनदा वाचलं.

मामाजींनी सही केली. मग मी दाबलं.